डोळा जाऊन येतो

डोळा जायचाच असेल तर त्याने एकदाचं नीट जावं, असं माझं मत आहे. म्हणजे लोकांना कळतं काय करायचं ते. ते हळहळतात, हात धरून रस्ता ओलांडून देतात, नातेवाईक फळं घेऊन भेटायला येतात. माझा उजवा डोळा मात्र जायचा आणि परत यायचा. कोपऱ्यावरून दूध आणायला उतरलेल्या माणसासारखा. आणि जो डोळा परत येतो त्याच्याबद्दल सहानुभूती मिळवणं किती अवघड असतं हे मला आता चांगलं माहीत आहे.

पहिल्यांदा तो गेला तो दुपारी, ठकीला झोपवताना. ठकी म्हणजे माझी मुलगी. तिचं खरं नाव फार सुंदर आहे, ते ठरवण्यासाठी मी आणि नवरा कित्येक महिने भांडलो, आणि आता ते कोणीच वापरत नाही. ठकी दुपारची झोपते ती आपल्या अटींवर. खोलीत काळोख हवा. त्यासाठी आम्ही फोटो धुण्याच्या खोलीत शोभेल असा जाडजूड पडदा आणला आहे. मी डाव्या कुशीवर, तिच्याकडे तोंड करून आडवी हवी. आणि माझ्या उजव्या कानाची पाळी तिच्या मुठीत हवी. पाळी सुटली की झोप रद्द.

त्या दुपारी ती झोपली, मी उशीवरून डोकं उचलून हळूहळू पाळी सोडवून घेत होते, तेवढ्यात झोपेतच तिने हात फेकला. तळवा बरोबर माझ्या डाव्या डोळ्यावर पडला आणि खोली गेली. दिवे गेले म्हणता येणार नाही, दिवे नव्हतेच. पण कपाटाची कड, पाळण्याचे गज, दाराच्या फटीतली उजेडाची रेघ, सगळंच गेलं. हात बाजूला केला, सगळं जागेवर. पुन्हा डावा डोळा झाकला, पुन्हा काळाकुट्ट अंधार. उजवा डोळा मिटलेला असेल म्हणून बोटाने चाचपलं. पापणी वर होती. डोळा उघडा होता, पण आत कोणी नव्हतं.

मी चोरपावलांनी बाहेर आले, न्हाणीघरातल्या आरशापर्यंत पोचले, तर उजवे साहेब हजर. काही झालंच नाही अशा चेहऱ्याने माझ्याचकडे बघत होते.

आता आमच्या घरातल्या टोपलीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. झोपण्याच्या खोलीच्या दाराबाहेर एका स्टुलावर वेताची टोपली असते. आत जाणाऱ्याने आपला फोन टोपलीत ठेवायचा आणि मग आत यायचं. हा नियम माझा. लहान मुलांजवळ फोन का नसावा यावर मी इतकं वाचलं होतं की त्याबद्दल कोणी पदवी दिली असती तर मी आढेवेढे घेतले नसते. नवरा एकदा खिशात फोन विसरून आत आला, तेव्हा मी त्याला बालमेंदूच्या वाढीबद्दल जे ऐकवलं त्यानंतर तो टोपली दिसली की आपोआप खिसे चाचपतो. सासूबाईंनी तर या टोपलीपायी बहीण गमावली. म्हणजे बहीण धडधाकट आहे. पण नातवाला नोकरी लागल्याची बातमी सांगायला तिने मोठ्या हौसेने फोन केला, तो टोपलीत वाजवाज वाजला, तिने त्याचा अर्थ स्वतःच्या पद्धतीने लावला, आणि तेव्हापासून दोघी एकमेकींशी अजिबात बोलत नाहीत. सासूबाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. काही न बोलण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही.

आणि मी? मी पांघरुणात वाचत होते.

रोज. कान मुठीत अडकलेला असला तरी हात मोकळा असतो. उजेड ठकीवर पडू नये म्हणून डोक्यावरून पांघरुणाचा छोटा तंबू करायचा, डावा डोळा उशीत रुतलेला, म्हणून उजव्याने वाचायचं. वाचायचं तरी काय, तर मुलांना फोनपासून लांब कसं ठेवावं. म्हणजे ते एका अर्थी गृहपाठच होता.

त्यामुळे "डोळा गेला तेव्हा काय करत होतीस?" असं सासूबाईंनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "ठकीला झोपवत होते." यात खोटं काहीच नव्हतं.

सासूबाईंनी लगेच माझ्यासमोर बोटं धरली. "किती?"

"तीन."

"आणि आता?"

"आई, आताही तीनच आहेत."

"मग दिसतंय की."

नवऱ्याला ऑफिसात फोन केला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "परत आला का?"

"आला."

"मग ठीक आहे ना." हरवलेली छत्री सापडल्यावर माणूस बोलतो तसा त्याचा आवाज होता.

दुसऱ्या दुपारी कान मुठीत देऊन मी तंबूत शिरले आणि शोधलं: नजर अचानक जाऊन परत आली तर कुठे जावं. माहिती अगदी स्पष्ट होती. नजर परत आली म्हणून थांबू नका, डोळ्यांच्या रुग्णालयातल्या तातडीच्या विभागात लगेच जा. सोबत तोंड वाकडं होत असेल, एक हात उचलत नसेल, शब्द अडखळत असतील तर त्याच क्षणी रुग्णवाहिका बोलवा. हे "लगेच जा" मी आडवी पडून पुन्हा पुन्हा वाचलं. मग खालच्या वाचकांच्या प्रतिक्रिया वाचल्या. मग एका प्रतिक्रियेला आलेली उत्तरं वाचली. उठले, डावा डोळा झाकला, आणि उजवा पुन्हा बेपत्ता.

मी आरशासमोर गेले. दोन्ही हात वर केले. दोन्ही सारखे वर गेले. हसून पाहिलं. सरळ हसू. शब्द अडखळतात का बघायला नाव, पत्ता आणि विजेच्या बिलावरचा ग्राहक क्रमांक मोठ्याने म्हटला. मागे बघते तर दारात सासूबाई, हातात वाळलेल्या कपड्यांचा ढीग.

"काय चाललंय गं?"

"हसता येतंय का ते बघतेय, आई."

"बघ हो," असं म्हणून त्यांनी दार फार हळुवारपणे ओढून घेतलं.

संध्याकाळी सर आले. सर म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्त झाल्यापासून त्यांना शाळा नाही, त्यामुळे जिन्यात सापडेल त्याचे ते मुख्याध्यापक असतात. माझ्या डोळ्याची बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोचली हे विचारण्यात अर्थ नव्हता. सासूबाई जे माझ्याशी बोलत नाहीत ते कुठेतरी जातच असणार.

"डॉक्टरकडे जायचंच आहे," सर खुर्चीत बसत म्हणाले, "पण रिकाम्या हाताने गेलं की डॉक्टर काहीही सांगतात. आधी घटना पुन्हा घडवून पाहायची. तीच वेळ, तीच खोली, तीच कुशी."

"एकदा बघायला काय हरकत आहे," नवरा म्हणाला. डॉक्टरकडे जाणं एक दिवस पुढे ढकलता आलं की या माणसाला कुठलीही पद्धत शास्त्रीय वाटते.

तर दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या झोपण्याच्या खोलीत हा प्रयोग झाला. नवऱ्याने अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. सर पायथ्याशी खुर्ची टाकून बसले. सासूबाई स्टुलावर. स्टुलावरची टोपली खाली जमिनीवर, तिच्यात सगळ्यांचे फोन. माझाही. सगळ्यांदेखत, ठसठशीतपणे, सर्वांत वर. ठकीला इतका प्रेक्षकवर्ग कधीच मिळाला नव्हता. तिने आधी टाळ्या वाजवून दाखवल्या, मग प्रत्येकाचा चष्मा मागितला, आणि सर पेंगायला लागल्यावर कंटाळून झोपली.

"ऊठ आता," सर दचकून म्हणाले. "डावा झाक. काय दिसतंय?"

मी डावा डोळा झाकला. उजव्या डोळ्याला सगळं दिसत होतं. सरांचं टक्कल, नवऱ्याची आशेने पुढे आलेली मान, सासूबाईंच्या मांडीवर जुळलेले हात.

"दिसतंय," मी म्हटलं.

"सगळं?"

"सगळं."

माझी नजर शाबूत आहे हे ऐकून इतकी माणसं एकदम नाराज झालेली मी कधी पाहिली नव्हती. सर उठून पडद्याजवळ गेले, त्याचं कापड दोन बोटांत चुरलं, वास घेतला. "पडदा," ते म्हणाले. "रंगात काहीतरी आहे. आज खिडकी किलकिली होती म्हणून झालं नाही."

सासूबाई उठल्या. "झोप पुरत नाही तिला," त्या मुलाला म्हणाल्या. मला नाही. "मग मनाला काहीबाही वाटतं. बाकी काही नाही."

मनाला वाटतं. मी घरातली शिकलेली सून, ठकीच्या प्रत्येक शिंकेचं निरीक्षण मी ठेवते, गेल्या वर्षात या घरात ज्याला ताप आला त्याचा आधी मला संशय आला होता. आणि माझ्या डोळ्याचं म्हणे मला वाटतं. मी ठरवलं, आता डोळा गेला की जातीने नेऊन दाखवायचा.

पुढच्या दुपारी मी तंबूत वाचत होते. विषय होता, आपल्या त्रासावर घरच्यांचा विश्वास नसेल तर काय करावं. उठले, डावा झाकला, आणि गेलाच. मी धावत बैठकीच्या खोलीत गेले. "आई, बघा, गेलाय." सासूबाईंनी पेपर खाली केला आणि चष्म्यावरून माझ्या डोळ्यात पाहिलं. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. त्या उजेडात माझ्या डोळ्याने त्यांच्या हातातली सगळ्यात बारीक जाहिरातसुद्धा वाचली.

"आला," मी म्हटलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि पेपर वर केला.

गेलेला डोळा माणूस दाखवणार तरी कसा? ताप असला तर थर्मामीटर असतो, खोकला ऐकू येतो. माझ्याजवळ पुरावा असा काहीच नव्हता. जो काही होता तो उशीखाली होता.

आणि मग ते झालं, ज्याच्यामुळे माझं हसणं थांबलं. ठकी एका दुपारी नीट झोपायच्या आधीच किंचाळत उठली. मी फोन उशीखाली सारला, तिला उजव्या कडेवर घेतलं आणि अंधारातच दाराकडे निघाले. उजवीकडे काही नव्हतं. म्हणजे मला काही दिसत नव्हतं, चौकट होती. ठकीचं कपाळ चौकटीला लागलं.

फार नाही लागलं. तांबडा वण उठला, आणि सासूबाई पोचेपर्यंत ती रडायचीही थांबली होती. पण सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, वणाकडे पाहिलं, आणि हात पुढे केले.

"दे इकडे."

मी दिली.

"मी किंवा बाळ जवळ असल्याशिवाय तिला उचलू नकोस आता." बाळ म्हणजे माझा नवरा. त्यांच्या आवाजात राग असता तर मी भांडले असते. राग नव्हता. त्या घाबरल्या होत्या, आणि त्या कोणाला घाबरल्या होत्या ते मला दिसत होतं, दोन्ही डोळ्यांनी.

त्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून पहिल्यांदा सगळा विचार केला. हा डोळा एक दिवस जाईल आणि यायचा नाही. मग दुसराही त्याच्या मागे जाईल. ठकीला पुढचा दात आला की मला तो बोटाने चाचपून बघावा लागेल. ती माझ्यासारखी दिसते की सासूबाईंसारखी, हा वाद कायमचा सासूबाई जिंकतील.

"उद्या सकाळी दवाखाना," मी नवऱ्याला सांगितलं. "पुढे ढकललंस तर मी रुग्णवाहिका बोलवेन आणि सरांना पुढे बसवीन."

त्याची सकाळी मीटिंग होती, तो परस्पर येणार होता. त्यामुळे गाडी सरांची. पुढे सर, मागे मी, सासूबाई आणि सासूबाईंच्या मांडीवर ठकी. सरांच्या शेजारच्या सीटवर एक फुगलेली पिशवी होती, तिला त्यांनी पट्टाही लावला होता.

"काय आहे सर त्यात?"

"पडदा," सर आरशातून सासूबाईंकडे बघत म्हणाले. "सकाळी वहिनींकडून काढून घेतला. तपासायला लागला तर हातात असावा."

गाडी रुग्णालयाकडे न वळता बाजारात वळली. सरांच्या ओळखीचा चष्मेवाला वाटेतच होता, आणि सरांच्या मते डोळ्यांतलं अर्धं शहाणपण दवाखान्यात असतं आणि अर्धं त्याच्याजवळ. चष्मेवाल्याने मला अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलं. मी शेवटची ओळ घडाघडा वाचली. तो थोडा खट्टू झाला.

"नंबर तर नाहीये," तो म्हणाला, "पण नंबर नसलेल्यांसाठीही आमच्याकडे काच आहे. फोनच्या उजेडाने डोळे थकतात ना, त्यांच्यासाठी. फोन फार बघता का मॅडम?"

सासूबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या.

"हिच्या घरात फोनला बंदी आहे," त्याच म्हणाल्या. "टोपली ठेवलीये हिने."

"अरे वा," चष्मेवाला म्हणाला. "असं सगळ्यांनी करायला हवं."

मी नम्रपणे मान खाली घातली. ती वर करायला मला रुग्णालयाच्या फाटकापर्यंत वेळ लागला.

तातडीच्या विभागाच्या खिडकीमागे एक बाई होत्या. "काय होतंय?"

"उजव्या डोळ्याची नजर जाते."

"आत्ता गेलीये?"

"आत्ता आहे."

"आहे ना? मग ताई, साध्या तपासणीला जा. इथे गेलेलीच बघतात."

साध्या तपासणीची खिडकी इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. तिथल्या माणसाने विचारलं, "नजर हळूहळू कमी झाली का?"

"नाही, अचानक जाते."

"अचानक इथे नाही चालत. इथे हळूहळू. अचानक तातडीला."

आम्ही परत. मी, माझ्यामागे ठकीला घेतलेल्या सासूबाई, त्यांच्यामागे पडदा घेतलेले सर. खिडकीमागच्या बाईंना सरांनी वर्गातल्या आवाजात विचारलं, "या मुलीच्या डोळ्याने नक्की जायचं कुठे, ते तुम्ही दोघं मिळून ठरवाल का?" बाई म्हणाल्या, आवाज खाली. सर म्हणाले, हा खालचाच आहे. तेवढ्यात आतून ट्रे घेऊन जाणारी एक नर्स थांबली.

"अचानक गेली होती ना?" तिने मला विचारलं. "मग परत आली असली तरी तातडीचीच. घ्या यांना आत."

आणि आत जायचं म्हणजे चाकाच्या खुर्चीतून. तिथला तसा नियमच होता. मी चालू शकते असं मी सांगून पाहिलं. खुर्ची ढकलणारा म्हणाला, "नजर जाते त्यांना पडू द्यायचं नसतं आम्हाला." मी बसले. लांबलचक कॉरिडॉरमधून माझी मिरवणूक निघाली. आई चाकांवर चाललेली बघून ठकीने आजीच्या खांद्यावरून दोन्ही हात माझ्याकडे पसरले. तिला मांडीवर यायचं होतं. सासूबाईंचा हात क्षणभर सैल झाला. मग त्यांनी तिला आणखी घट्ट धरलं.

"घरी गेल्यावर," त्या म्हणाल्या. ठकीला की मला, ते कळलं नाही.

डॉक्टर एक तरुण मुलगी होती. माझ्याहून लहान असावी, आणि चेहऱ्यावरून तिची झोप पूर्ण झालेली होती. तिने रक्तदाब घेतला, साखर तपासली, हात वर करायला लावले, हसायला लावलं. त्या परीक्षेची तयारी माझी घरूनच झाली होती. मग डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बसवून ठेवलं, आणि खोलीत अंधार करून डोळ्यात असा झगझगीत प्रकाश टाकला की माझे सगळे विचार तिला वाचता येत असावेत. एव्हाना नवराही धापा टाकत पोचला होता.

"डोळे आतून चांगले दिसताहेत," डॉक्टर म्हणाली. "पण नजर का जातेय ते कळल्याशिवाय मी तुम्हाला घरी सोडणार नाही. मेंदूचा स्कॅन करू, मानेतल्या रक्तवाहिन्या बघू. आजची रात्र इथेच राहा."

"आणि मुलगी?"

"लहान मुलांना वॉर्डात ठेवत नाही आम्ही. आजी आहेत ना घरी?" मग तिने तोच प्रश्न विचारला. "नजर गेली तेव्हा नक्की काय करत होतात?"

"ठकीला झोपवत होते."

"फक्त?"

अंधारातून पिशवीचा आवाज आला. "डॉक्टर," सर म्हणाले, "हा पडदा."

डॉक्टरने पडदा हातात घेऊन दिव्याखाली धरला. गुणी मुलगी. "पडदा चांगला आहे," ती म्हणाली आणि परत दिला.

ठकी आज कोणाच्या कानाला धरून झोपणार, हा एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. सासूबाईंच्या कानात खडे असतात, ते टोचतात. मी म्हटलं, "यांना जरा बाहेर थांबायला सांगता का?"

"नातेवाईकांनी जरा बाहेर थांबा," असं म्हणून डॉक्टर पाठमोरी होऊन संगणकावर काहीतरी लिहू लागली. दार उघडलं, लागलं. माझ्या डोळ्यांसमोर त्या प्रकाशाचा जांभळा डाग नाचत होता. त्याच्या कडेने मला खोलीचे थोडे आकार लागत होते: कोपऱ्यात कोट अडकवायचा खांब, दाराशी खुर्चीवर कसलंसं गाठोडं. मी नीट बघून घेतलं आणि बोलले.

"फोन," मी म्हटलं. "मी पांघरुणात फोन बघत होते."

डॉक्टरची खुर्ची गर्रकन वळली. "कोणत्या कुशीवर?"

"डाव्या."

"डावा डोळा उशीत?"

"हो."

"म्हणजे खोलीत काळोख, एक डोळा उशीत झाकलेला, आणि उजव्याने फोन. किती वेळ?"

"ती झोपेपर्यंत," मी म्हटलं. आता लपवायचं तरी काय? "आणि झोपल्यावर थोडा."

डॉक्टर आधी नुसतं "हं" म्हणाली. मग ती हसली, मग माफी मागितली, मग पुन्हा हसली. उशीतला डोळा अंधाराला सरावतो, तिने सांगितलं, आणि फोन बघणारा उजेडाला. मग उठून अंधारात बघितलं की फोनवाल्या डोळ्याला थोडा वेळ काहीच दिसत नाही. दुसरा डोळा झाकला तर आंधळं झाल्यासारखंच वाटतं. उजेडात गेलं की झालं नीट. "डोळा कुठे जात नाहीये तुमचा. दोघे दोन वेगवेगळ्या खोल्यांत बसलेले असतात, इतकंच."

मी हातांत तोंड लपवलं. इतकं हलकं मला ठकी झाल्यावरसुद्धा वाटलं नव्हतं.

"म्हणजे मी टोपलीत ठेवायचा," कोट अडकवायचा खांब म्हणाला, "आणि तू पांघरुणात."

जांभळा डाग एव्हाना विरायला लागला होता. खांबाच्या खांद्यावर ठकी झोपली होती. ती नुकतीच झोपली म्हणून सासूबाईंनी हालचाल केली नव्हती, एवढंच. दाराशी गाठोडं खाकरलं.

"नातेवाईकांनी बाहेर थांबा म्हणाल्या," सर म्हणाले. "मी नातेवाईक नाही. आणि अंधार हे मूळ कारण आहे हे मी पडद्याच्या वेळीच सांगितलं होतं." बाहेर गेला होता तो फक्त माझा नवरा. सांगितलेलं ऐकणारा आमच्याकडे तोच एक.

डॉक्टर गंभीर झाली. "मी हसले म्हणून पुढच्या वेळी घरी बसू नका," ती म्हणाली. "हे असं निघालं हे नशीब. तुम्ही पहिल्याच दुपारी यायला हवं होतं. आता इथे राहायची गरज नाही, दोन-चार दिवस फोनशिवाय झोपवा. तरी झालं, किंवा उजेडात झालं, डोळ्यावर पडदा सरकल्यासारखं झालं, तर प्रयोग करायचे नाहीत, चष्म्याच्या दुकानात जायचं नाही, कोणाला विचारायचं नाही. सरळ इथे, त्याच क्षणी. आणि काय करत होतात ते पहिल्या प्रश्नालाच सांगायचं."

सर छताकडे बघत होते. मी जमिनीकडे.

बाहेर नवऱ्याने घाईघाईने विचारलं, "काय म्हणाल्या?"

मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी सासूबाई बोलल्या. "काही नाही. दमलीये ती. नजर चांगली आहे. फारच चांगली आहे." मग त्या सरांकडे वळल्या. "सर, आतलं आत राहील ना?"

"वहिनी," सर छातीवर पडदा धरून म्हणाले, "एवढी वर्षं पेपर फुटू दिले नाहीत मी."

घरी येईपर्यंत दुपार झाली होती. सरांनी पडदा स्वतः लावून दिला, उलटा. मी झोपण्याच्या खोलीच्या दारात थांबले, पर्समधून फोन काढला आणि टोपलीत ठेवला. सासूबाई बघत होत्या. त्यांनी ठकीला खांद्यावरून उतरवलं आणि माझ्यापुढे धरलं.

"घे," त्या म्हणाल्या. "झोपव."

"तुम्ही थांबता का आत?"

"मी कशाला?"

ठकी माझ्या कानाला लटकली. अंधारात, थेंबांनी भरलेल्या डोळ्यांना ती जवळून नुसती पांढरट, धुरकट, उबदार अशी काहीतरी दिसत होती. वाचायला काही नव्हतं. ती झोपताना आधी भुवया सैल सोडते आणि मग ओठ, हे मला बोटांनी कळलं, इतके महिने माहीत नव्हतं. मी डोकं उचललं तसा झोपेत तिने हात फेकला आणि तळवा माझ्या डाव्या डोळ्यावर पडला. मी उजव्याने पाहिलं. धुरकट होती. पण होती.

बाहेर आले तर टोपलीत माझा एकटीचाच फोन. सासूबाईंच्या खोलीत खिडक्या लावून काळोख केलेला, आणि पलंगावर डाव्या कुशीवर चादरीचा एक उजळलेला तंबू.

"आई?"

तंबू विझला. सासूबाई उठून बसल्या, त्यांनी हाताने डावा डोळा झाकला आणि मान खोलीभर फिरवली.

"अगं, जातो की गं खरंच," त्या हळूच म्हणाल्या. "मला आपलं वाटलं, तुझ्या मनाला वाटतंय."

त्यांच्या तोंडून यापेक्षा जास्त माफी कोणी ऐकली असेल असं मला वाटत नाही. मी त्यांच्याशेजारी बसले. "घाबरू नका. येतो परत."

"तोवर बहिणीला फोन लावून दे," त्या म्हणाल्या. "तिला सांगते टोपलीचं काय ते."

त्यांचा डोळा यायचा होता, माझ्या डोळ्यांत थेंब होते. दोघींनी मिळून फोनवरची अक्षरं कशीबशी लावली आणि बटण दाबलं. पलीकडून बहिणीच्या जागी सरांचा आवाज आला.

"वहिनी, बरं झालं तुम्हीच केलात," ते जरा चिरकत म्हणाले. "माझाही गेलाय."

"येईल," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.